नळाला पाणी आले की ड्रेनेज तुंबते : मराठवाड्यातील एका रस्त्याचा प्रकरण अभ्यास

मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या शहरात बसस्थानकाकडून जुन्या गावाकडे उतरत जाणारा एक रस्ता आहे. त्याच्या वरच्या अंगाला दोन मंगल कार्यालये, मध्ये ओळीने हॉटेले, एक मटणाची खानावळ, एक फरसाण-मिठाईचे दुकान आणि खालच्या टोकाला जुन्या वस्तीतील घरे आहेत. रस्त्याखालून २०० मिलिमीटर व्यासाची सिमेंटची भुयारी गटार जाते आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतील १५० मिलिमीटरचे नळ तिला येऊन मिळतात. खालच्या घरांची तक्रार वर्षानुवर्षे एकच होती : न्हाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून मैलापाणी उलटे घरात येते. तक्रार आली की सक्शन गाडी यायची, चेंबर उपसला जायचा, बांबूच्या कामट्या घालून चोकअप मोकळा केला जायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू व्हायचे. शहराचे, कार्यालयांचे आणि हॉटेलांचे नाव येथे दिलेले नाही, कारण अशा मांडणीचे रस्ते जालन्यापासून नांदेडपर्यंत कोठेही सापडतील. प्रस्तुत लेखक या पाहणीत तांत्रिक सल्ल्यासाठी सहभागी होता.

या तक्रारीच्या कारणाविषयी शहरात दोन मते होती. नगरपरिषदेचा आरोग्य विभाग म्हणत होता की हॉटेलवाले तेल सोडतात. वस्तीतील लोकांचे म्हणणे वेगळेच होते. ते म्हणत, ‘नळाला पाणी आले की ड्रेनेज तुंबते.’ नगरपरिषदेत या दुसऱ्या म्हणण्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, कारण पाण्याने गटार साफ होते, तुंबत नाही, असा सर्वांचा समज होता. पाहणीअंती असे दिसले की दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत आणि दुसऱ्या मताशिवाय पहिल्याचा अर्थच लागत नाही. तेल हॉटेलांतून आणि कार्यालयांतून येते हे खरे. परंतु ते तेल वाहून न जाता गटारीच्या नळाच्या भिंतीवर बसते, घट्ट होते आणि तेथेच राहते, याचे कारण या भागातल्या पाण्याच्या पाळीत, म्हणजे नळाला काही दिवसांआड पाणी सोडण्यात आहे.

तक्रारवही आणि पाण्याची पाळी

पाहणीची सुरुवात चेंबर उघडून न करता तक्रारवहीपासून केली, आणि हे योग्य ठरले. वहीतील तक्रारींच्या तारखा दोन गोष्टींशी ताडून पाहिल्या. एक म्हणजे दोन्ही मंगल कार्यालयांच्या बुकिंगच्या नोंदी आणि दुसरी म्हणजे पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची वही, ज्यात कोणत्या भागाला कधी पाणी सोडले याची नोंद होती. आरोग्य विभागाची अपेक्षा अशी होती की तक्रारी लग्नाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असतील. तसे दिसले नाही. तक्रारी दाटून आल्या होत्या त्या पाण्याच्या पाळीच्या सकाळी. आणि त्यातही ज्या पाळीच्या आधी मुहूर्तांचे दिवस येऊन गेले होते, त्या पाळीला त्या अधिक होत्या.

याचा उलगडा अवघड नाही. पाळी नसलेल्या दिवसांत वस्ती हौदातले आणि टाकीतले पाणी काटकसरीने वापरते. भांड्यांचे पाणी झाडांना आणि कपड्यांचे पाणी संडासात जाते. गटारीत तेव्हा बारीक, मंद धार असते. त्याच दिवसांत वरच्या अंगाची कार्यालये आणि हॉटेले टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आपला धंदा चालवत असतात, म्हणजे त्यांचे तेलकट पाणी रोज येतच असते. हे पाणी घरगुती पाण्याच्या सोबतीशिवाय नळातून सरकते, थंड होते आणि आपला तेलाचा अंश भिंतीवर ठेवून जाते. मग पाळीच्या दिवशी पहाटे नळ सुटतो; सगळी वस्ती एकाच वेळी धुणी, आंघोळी, फरशा आणि टाक्या धुणे उरकते, शिळे पाणी ओतून देते, भरलेल्या टाक्या ओसंडतात. गटारीच्या ज्या नळाचा आतला व्यास आधीच्या दिवसांत कमी होत गेला आहे, त्यात हा लोंढा मावत नाही आणि तो सर्वांत सखल घराच्या न्हाणीतून बाहेर पडतो. लोकांनी पाहिलेले खरे होते. फक्त गटार तुंबण्याचे काम त्याआधीच्या कोरड्या दिवसांत झालेले असायचे.

वेगाचे गणित

भुयारी गटारीची रचना एका गृहीतकावर उभी असते : दिवसातून निदान एकदा तरी नळातले पाणी इतक्या वेगाने वाहिले पाहिजे की तळाशी बसलेला गाळ उचलला जाईल. केंद्र शासनाच्या सांडपाणी व्यवस्थेविषयीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हा स्वयं-स्वच्छतेचा वेग सेकंदाला ०.६ मीटर धरलेला आहे आणि भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरलेला आहे, ज्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते.

आता एक उदाहरण घेऊ. एका गल्लीत ६० घरे आणि घरटी ५ माणसे धरली तर लोकसंख्या ३०० होते. पूर्ण १३५ लिटर पाणी मिळाले तरी दिवसाचे सांडपाणी ३२,४०० लिटर भरते, म्हणजे सरासरी सेकंदाला ०.३८ लिटर, सकाळच्या गर्दीच्या वेळी त्याच्या तिप्पट धरले तर १.१ लिटर. दोनशेला एक असा उतार असलेला १५० मिलिमीटरचा नळ अर्धा भरून ०.६ मीटरच्या वेगाने वाहायला सेकंदाला सुमारे ५.३ लिटर पाणी लागते. १.१ लिटरला तो नळ तळाशी जेमतेम ओला होतो आणि वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या आसपास राहतो. पाणी माणशी ४० लिटरच आले तर हाच वेग ०.३ मीटरच्याही खाली जातो. गटारीच्या वरच्या टोकाला ही अडचण सगळीकडेच असते आणि अभियंत्यांना ती ठाऊकही असते. परंतु मराठवाड्यात ती वरच्या टोकापुरती राहत नाही, मुख्य नळापर्यंत खाली उतरते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या भागातल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, त्या भागात १३५ लिटरच्या हिशेबाने आखलेली गटार कोरड्या वर्षी कशी वागेल, याचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हायला हवा होता. तो झालेला दिसत नाही, आणि याला हे एकच शहर अपवाद नाही.

उताराचीही एक वेगळी गोष्ट होती. नळ टाकताना दिलेला उतार जमिनीत तसाच राहिलेला नव्हता. रस्त्याच्या मधल्या भागात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर नुसते बसवलेले नळ काही वर्षांत वरखाली होतात. एका चेंबरमध्ये आरसा धरून सूर्यप्रकाश नळात सोडायचा आणि पुढच्या चेंबरमधून तो पूर्ण गोल दिसतो का ते पाहायचे, ही जुनी आणि बिनखर्चाची चाचणी येथे केली. खानावळीसमोरच्या दोन चेंबरच्या मध्ये गोलाऐवजी वरची एक बारीक कोर तेवढी दिसली. नळाला तेथे पोट आले होते, म्हणजे तो मध्येच खाली बसला होता. अशा पोटात पाणी कायम साचून राहते आणि वर तरंगणाऱ्या तेलाला निवांत थंड व्हायला जागा मिळते.

चेंबरच्या भिंतीवरचा थर

खानावळीच्या खालचा चेंबर उपसल्यावर आतल्या भिंतीवर, पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या रेषेत, राखाडी-पांढऱ्या रंगाचा जाड कठडा सर्व बाजूंनी धरलेला दिसला. फावड्याच्या टोकाने तो खरवडला तर लोण्यासारखा ओघळला नाही, ओल्या खडूसारखा ठिसूळ तुकडा होऊन पडला. तुकडा फोडल्यावर आत शिजलेल्या भाताची शिते, चिंचोके, भांडी घासायच्या काथ्याचे धागे, पत्रावळीच्या चकचकीत कागदाचे कपटे आणि तंबाखूच्या पुडीची चिंधी, असे सगळे एकजीव झालेले होते. वास तेलाचा कमी आणि कुजलेल्या साबणाचा जास्त होता.

हा साबणाचा वास अगदी यथार्थ होता. गटारीत साचते ते नुसते गोठलेले तेल नसते. तळताना आणि शिजवताना तेलाचे काही अंशी विघटन होऊन मोकळी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) तयार झालेली असतात. उरलेले काम गटारीतले जिवाणू करतात. ही मेदाम्ले पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावली की कॅल्शियमचा साबण तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही आणि उष्णतेने सहजी वितळतही नाही. मराठवाड्यातील बहुतेक बोअरचे पाणी बेसाल्टच्या खडकातून येते आणि जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमसारखे क्षार अधिक असतात. अंगाच्या साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला मळकट थर धरतो, हा घरोघरचा अनुभव त्याच रासायनिक क्रियेचा आहे. त्यात नळ आणि चेंबर सिमेंटचे असल्याने कॅल्शियम भिंतीतूनही मिळते. म्हणजे टँकर-बोअरवर चालणारी हॉटेले नुसते तेल सोडत नाहीत, तेलाला घट्ट करणारे पाणीही सोबत सोडतात.

यावरून एक प्रचलित समज निकालात निघतो. करडईचे, शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल गोठत नाही, त्यामुळे गटार तुंबते ती डालड्याने, पामतेलाने आणि मटणाच्या चरबीने, असे हॉटेलवाले सांगतात. पामतेल आणि वनस्पती तूप ३० ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात, त्यामुळे ती आधी बसतात हे बरोबरच आहे. परभणीसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत आणि अशा रात्री चेंबरमध्ये काय होत असेल हे सांगायला नको. परंतु पातळ तेलाचाही साबण होतोच. त्याला थोडा वेळ अधिक लागतो, आणि मंद वाहणाऱ्या गटारीत वेळ भरपूर असतो.

लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात २०१७ साली सापडलेला सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा मेदाचा गोळा जगभर गाजला. त्यात तेलाला धरून ठेवणारा सांगाडा ओल्या पुसण्यांचा (वेट वाइप्सचा) होता. आपल्याकडे ते काम खरकटे, काथ्या आणि पत्रावळी करतात. म्हणून आपल्या गटारीपुरते बोलायचे तर तेल आणि खरकटे हे दोन वेगळे प्रश्न मानता येत नाहीत.

तेल येते कोठून

आरोग्य विभागाचा पहिला रोख कढईतल्या वापरलेल्या तेलावर होता. ते तेल मोरीत ओतले जाते, असे गृहीत धरून नोटिसांचा मसुदाही तयार झाला होता. प्रत्यक्ष स्वयंपाकघरे पाहिल्यावर दिसले की तळणीचे उरलेले तेल कोणीही ओतून देत नाही. ते विकले जाते. फरसाणच्या दुकानातून ते डबा भरून बाहेर जाते आणि बहुधा एखाद्या भज्यांच्या गाड्यावर पुन्हा तापते. आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हापुन्हा तापून खराब होताना तयार होणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा २५ टक्के ठेवलेली आहे आणि रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून तेलाच्या नोंदी ठेवून उरलेले तेल अधिकृत संकलकाकडेच देणे बंधनकारक केलेले आहे. त्या नियमाची अंमलबजावणी जरूर व्हावी, परंतु तिने या रस्त्याची गटार मोकळी झाली नसती.

गटारीत जाणारे तेल ताटातून आणि पातेल्यातून जात होते. तर्रीदार रस्सा, मटणाच्या पातेल्याच्या तळाचा थर, पुऱ्यांची परात, मसालेभात शिजवलेली मोठी डेग, बुफेच्या टेबलावरचे भाज्यांचे उथळ डबे, या सगळ्यांवरचे तेल कढत पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने सुटे होऊन मोरीत उतरते. साबणामुळे ते पाण्यात विखुरलेले असते, म्हणून मोरीतून जाताना दिसतही नाही. पुढे पाणी निवले, साबण विरळ झाला की ते पुन्हा वेगळे होते. एका भांड्याचे तेल नगण्य वाटते. परंतु मुहूर्ताच्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या आवारात दुपारपासून रात्रीपर्यंत डेगींची रास घासली जात असते.

त्या आवारातले दृश्य सांगण्यासारखे आहे. भांडी घासणाऱ्या बायका टँकरच्या पाण्याच्या नळीजवळ बसलेल्या, समोर उतरती फरशी, फरशीच्या टोकाला न्हाणीची जाळी, आणि ती जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. जाळी का काढली, असे विचारले तेव्हा एका बाईने सरळ सांगितले, ‘जाळी ठेवली तर दर पाच मिनिटांला भात काढावा लागतो साहेब, आन् पंगत थांबत न्हाई.’ तिचे उत्तर चुकीचे नव्हते. त्या जाळीचे क्षेत्रफळच त्या कामाला पुरणारे नव्हते, आणि खरकटे आधी वेगळे काढण्यासाठी तिला ना माणूस दिलेला होता, ना पिंप.

खरी गुंतागुंत जबाबदारीची होती. कार्यालयाचे मालक म्हणाले की स्वयंपाक आणि भांडी केटरर पाहतो. केटरर बहुतेक वेळा बाहेरगावचा, आज येथे तर उद्या दुसऱ्या तालुक्यात; त्याच्या मते गटार कार्यालयाची आहे. लग्नघर पैसे देऊन मोकळे झालेले असते. नोटीस कोणाच्या नावाने काढायची, हा प्रश्न स्वच्छता निरीक्षकाला पडत असे आणि शेवटी ती समोरच्या छोट्या हॉटेलवाल्याच्या नावाने निघत असे, कारण तो रोज जागेवर सापडतो.

सापळा की नुसता हौद

दोन्ही कार्यालयांनी बांधकाम परवान्याच्या वेळी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारा सापळा, दाखवलेला होता, आणि तो जागेवर होताही. पहिल्याचे झाकण उघडल्यावर दिसले की हौदातून बाहेर जाणारा नळ पाण्याच्या पातळीलाच, भिंतीतून सरळ काढलेला आहे. ग्रीस ट्रॅपचे काम अगदी साधे असते. पाणी काही वेळ स्थिर राहिले की तेल वर येते, गाळ तळाशी जातो आणि मधले तुलनेने स्वच्छ पाणी तेवढे बाहेर सोडायचे. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या नळाला टी-बेंड, म्हणजे इंग्रजी टी आकाराचा जोड, लावून त्याची खालची टांग पाण्यात मध्यापर्यंत उतरवावी लागते. ती टांग नसेल तर सर्वांत आधी बाहेर पडतो तो वरचा तेलाचा थरच. या हौदाला सापळा म्हणणे धाडसाचे होते. तेल पाण्यापासून वेगळे करून ते आधी गटारीत पाठवण्याची ती व्यवस्था होती. दुसऱ्या कार्यालयाच्या हौदाला टी-बेंड होता, परंतु हात धुण्याच्या ओळीचे आणि संडासांचे पाणीही त्यातूनच फिरवलेले असल्याने तेल वेगळे व्हायला पाणी कधी स्थिर होतच नव्हते.

हौदाचे माप ठरवणे अवघड नाही. भांडी घासण्याच्या जागी दोन नळ्या एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीतून मिनिटाला २० लिटर पाणी येते असे धरले, तर मिनिटाला ४० लिटर होतात. पाणी हौदात अर्धा तास थांबावे असे धरले तर १,२०० लिटर लागतात. त्यात वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाव हौद भरेपर्यंत तो नीट चालावा म्हणून एकूण माप १,६०० लिटर येते. पाव हौद भरला की उपसायचा, हा जगभर चालणारा ठोकताळा आहे आणि तो काठी बुडवून कोणालाही तपासता येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र एक सावधगिरी लागते : मे महिन्यात हौदातले तेल पातळच राहते आणि साबणात विखुरलेले तेल वर यायला अधिक वेळ घेते, त्यामुळे ऐन लग्नसराईत सापळ्याची क्षमता कमी झालेली असते. शक्य तेथे हौद सावलीत घ्यावा आणि कढत पाणी थेट त्यात सोडू नये.

सार्वजनिक गटारीत सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे पर्यावरण संरक्षण नियमांतील मानक सांगते. नगरपरिषदेने पूर्वी एकदा नमुना घेऊन तपासला होता आणि निकाल समाधानकारक आला होता. नमुना पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत घेतलेला होता. तेल प्लॅस्टिकला चिकटते. त्यासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली लागते आणि नमुना थेट त्याच बाटलीत घ्यावा लागतो, दुसऱ्या भांड्यातून ओतून चालत नाही. तसेही, मुहूर्ताच्या दिवशी दुपारी तीनचा नमुना आणि मंगळवारी सकाळचा नमुना यांत काहीच साम्य नसते. लेखकाच्या मते नगरपरिषदेने या आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा सापळा योग्य रचनेचा आहे का आणि तो वेळेवर उपसला जातो का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे प्रयोगशाळेशिवाय मिळतात.

काय केले

पहिले काम गटार मोकळी करण्याचे होते आणि ते कामट्यांनी न करता जेटिंग मशीन (दाबाने पाण्याचे फवारे मारणारे यंत्र) आणि सक्शन गाडी एकाच वेळी लावून केले. जेटिंगची नळी खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडावी लागते, म्हणजे तिचे मागे येणारे फवारे सुटलेला थर खालच्या चेंबरमध्ये ओढून आणतात आणि तेथे तो लगेच सक्शनने उचलता येतो. दोन्ही गाड्या एकत्र नसल्या तर सुटलेले तुकडे पुढच्या टप्प्यात जाऊन बसतात आणि तक्रार फक्त एक गल्ली खाली सरकते. आधीच्या सफायांचे नेमके हेच झाले होते. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, ही अट कामाच्या आदेशात लिहिली. साचलेल्या मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काही श्वासांत जीव घेतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे हा गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे. मुकादमाला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठेकेदाराच्या देयकात जेटिंगच्या तासांची तरतूद नव्हती, एवढीच खरी अडचण होती.

पोट आलेला नळाचा टप्पा उकरून, खालची काळी माती काढून मुरमाची आणि वर बारीक खडीची बैठक देऊन नवा नळ टाकला. खर्चाच्या दृष्टीने हे सर्वांत मोठे काम होते आणि ते मंजूर करून घ्यायला सर्वांत जास्त वेळ लागला.

कार्यालयांच्या बाबतीत जबाबदारी एकाच जागी आणण्याचा निर्णय झाला : व्यवसाय परवाना ज्याच्या नावाने, सापळ्याची जबाबदारी त्याची. मालकांनी ती पुढे केटररकडे कशी वळवायची हे त्यांनी ठरवावे. एका मालकाने बुकिंगच्या अटींत भांडी घासण्याच्या जागेसाठी अनामत रक्कम घालून तो प्रश्न सोडवला. दुसऱ्याने भांड्यांचे काम केटररकडून काढून स्वतःच्या माणसांकडे घेतले. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण रोज तीच माणसे असली की सवय लागते. संडासाची ओळ सापळ्यातून काढून वेगळी जोडली. न्हाणीच्या छोट्या जाळीच्या जागी फरशीच्या पूर्ण लांबीची चर काढून तिच्यावर उचलता येणारी जाळीची पेटी बसवली, जेणेकरून भात काढण्यासाठी काम थांबवावे लागू नये.

तरीही सर्वाधिक फरक पडला तो कोरड्या सफाईने. भांड्याला पाणी लावण्याआधी रबरी पट्टीने रस्सा आणि थर पिंपात निपटायचा, कढई आणि डेग लाकडी भुश्याने किंवा रद्दी कागदाने पुसायची आणि मगच घासायला घ्यायची. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत पाण्याच्या टंचाईमुळे भांडी राखेने घासून कमीत कमी पाण्यात विसळण्याची रीत होती, त्यामुळे ही गोष्ट बायकांना शिकवावी लागली नाही. राख मोरीत जाऊ द्यायची नाही, एवढेच सांगावे लागले, कारण गटारीत ती गाळ होऊन बसते. पाणीही वाचू लागले आणि टँकरच्या खेपा कमी लागतात हे दिसल्यावर मालकांचा विरोध मावळला. दंडाने जे साधले नसते ते टँकरच्या बिलाने साधले.

पाण्याच्या वेगाचा प्रश्न पाणी वाढवून सुटणार नव्हता, कारण वाढवायला पाणीच नव्हते. म्हणून शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी टँकरने आणून, पाळीच्या आदल्या संध्याकाळी गल्ल्यांच्या वरच्या टोकाच्या चेंबरमध्ये एकदम सोडण्याची पद्धत सुरू केली. जेटिंगलाही तेच पाणी वापरले. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे पिण्याच्या पाण्याने गटार धुणे लोकांना पटणार नाही, आणि पटूही नये. वर्षभर हा खर्च परवडत नाही. तो लग्नसराईच्या महिन्यांपुरता ठेवला आहे.

छोटी हॉटेले आणि काढलेल्या ग्रीसचे काय

छोट्या हॉटेलांत यश कमी आले. गल्लीत भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या हॉटेलाला हौद बांधायला जागा नाही. तेथे मोरीखाली बसणारे स्टीलचे छोटे सापळे सुचवले आणि काहींनी बसवलेही. असा सापळा मोठ्या हौदापेक्षा कितीतरी लवकर भरतो. पहिले काही दिवस तो रोज साफ झाला, नंतर वासाची तक्रार आली, मग एका ठिकाणी नोकराने त्याला बगल देणारी नळी टाकलेली आढळली. मध्यंतरी एका विक्रेत्याने तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर आणून दिली. ती टाकल्यावर त्या चेंबरमधला थर मऊ झाला आणि खालच्या चेंबरमध्ये वाढला. कढत पाणी ओतण्याचे आणि तीव्र साबणाचेही असेच असते : तेल नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडले जाते.

सापळ्यातून निघालेल्या ग्रीसची विल्हेवाट हा या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग होता. सुरुवातीला ज्या खासगी सक्शन गाडीला काम दिले, तिने ते शहराबाहेरच्या ओढ्यात सोडले असावे, अशी शंका ओढ्याच्या काठावरच्या शेतकऱ्यांनी घेतली आणि ती चुकीची मानण्यास कारण नव्हते. प्रक्रिया केंद्राच्या गाळ वाळवायच्या वाळूच्या वाफ्यांवर ते थेट ओतले तर वाळूची छिद्रे बुजतात. शेवटी निथळलेले ग्रीस भुसा आणि वाळलेल्या पाल्यात मिसळून ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पावर थोडे-थोडे घ्यायचे असे ठरले; प्रमाण वाढले की ढीग हवा घेत नाही आणि आंबतो, हे तेथील कामगारांनीच दाखवून दिले. याहून चांगली जागा बायोगॅस संयंत्राची आहे, कारण मेदातून वायू भरपूर मिळतो, फक्त तेथेही ते एकदम लोटून चालत नाही. या शहरात असे चालू संयंत्र नाही.

सध्या रस्त्याच्या खालच्या टोकाच्या घरांतून पाळीच्या सकाळी येणाऱ्या तक्रारी विरळ झाल्या आहेत. खानावळीखालच्या चेंबरमध्ये थर पुन्हा धरू लागला आहे, आधीच्यापेक्षा सावकाश. तिचा सापळा मोठा करण्यासाठी शेजारच्या रिकाम्या जागेच्या मालकाशी बोलणी चालू आहेत. तक्रारवहीत आता पाण्याच्या पाळीची तारीख आणि कार्यालयांतील कार्यक्रम यांचे दोन रकाने वाढवले आहेत, आणि सापळे उपसल्याच्या नोंदी व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मागवल्या जातात. फरसाणच्या दुकानाला मोरीचा सापळा बसवण्याची मुदत दिलेली आहे. काळ्या मातीतले बाकीचे टप्पे आरशाने तपासून घेतले असून त्यांतील आणखी एका टप्प्याचे अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीसाठी गेलेले आहे.